‘ध’चा ‘मा’ : सत्ताधाऱ्याची पत्नी आणि लिहिता हात

राज्यकर्त्या पुरुषाच्या घरात काय चालते याविषयीचे कुतूहल सार्वत्रिक आहे. मात्र ते कोणत्या वाङ्मयप्रकारात व्यक्त होते, हे त्या समाजातील सत्तेच्या घडणीवर अवलंबून असते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींविषयीचे लेखन विसाव्या शतकात जवळजवळ स्वतंत्र वाङ्मयप्रकाराच्या पातळीला पोहोचले. लेडी बर्ड जॉन्सन यांची रोजनिशी १९७० साली, बेटी फोर्ड यांचे आत्मकथन १९७८ साली, नॅन्सी रेगन यांचे १९८९ साली, हिलरी क्लिंटन यांचे २००३ साली आणि मिशेल ओबामा यांचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्या पदाचा राज्यघटनेत उल्लेखही नाही, त्या पदावरून लिहिलेली ही आत्मकथने आहेत. मराठीत या प्रकाराचा समांतर शोध घ्यायचा तर तो मुख्यमंत्र्यांच्या वा केंद्रीय मंत्र्यांच्या पत्नींच्या लेखनात फारसा हाती लागत नाही. सत्ताधाऱ्याचे दांपत्यजीवन हा विषय मराठी कल्पनाशक्तीने प्रामुख्याने एकाच घराण्यात शोधला, आणि ते घराणे पेशव्यांचे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३०च्या दशकात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड निघाले, त्यांतही पेशव्यांच्या खासगी जीवनासाठी स्वतंत्र खंड राखून ठेवावे लागले, हे या संदर्भात बोलके आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय या घराण्यातील एक जोडपे आणि त्यातही प्रामुख्याने एक अक्षर हा आहे.

चंदीगडच्या कडेला असलेल्या मुल्लानपुरासारख्या ठिकाणी बसून मराठीचा विचार करताना रघुनाथराव टाळता येत नाहीत. मुल्लानपुरापासून सरहिंद फार दूर नाही. १७५८च्या मार्चमध्ये रघुनाथरावांच्या फौजा सरहिंदवर आल्या, एप्रिलमध्ये लाहोरात शिरल्या, आणि त्या मोहिमेतून मराठीला ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार मिळाला. त्याच रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या नावावर मराठीत दुसरा वाक्प्रचार जमा आहे : ‘ध चा मा करणे’. एकाच दांपत्याने भाषेला दोन वाक्प्रचार द्यावेत, त्यांतील एक पराक्रमाचा आणि एक कपटाचा असावा, आणि त्यांची वाटणी पती व पत्नी अशी व्हावी, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. उत्तरेच्या मोहिमांनी पेशव्यांच्या तिजोरीवर आणलेला कर्जाचा बोजा पहिल्या वाक्प्रचारात शिरला नाही. नारायणरावांना धरण्याचा हुकूम मुळात पतीनेच दिला होता, ही गोष्ट दुसऱ्या वाक्प्रचारात शिरली नाही. म्हणींना इतिहासाचे ओझे वाहायचे नसते हे खरे. पण जे गाळले जाते त्याची दिशा दोन्ही ठिकाणी एकच आहे.

मराठीतील आदरार्थी आणि एकेरी रूपांची विभागणीही अशीच पाहण्यासारखी आहे. शालेय पुस्तकापासून व्याख्यानापर्यंत सर्वसाधारण प्रघात असा, की रमाबाई सती ‘गेल्या’, गोपिकाबाईंनी उपदेश ‘केला’, आणि आनंदीबाई‘ने’ मात्र ध चा मा केला. एका प्रत्ययाने निकाल दिला जातो. या निबंधात तिघींनाही एकच रूप वापरले आहे, आणि त्यामागे गौरव करण्याचा हेतू नाही; पुरावा तपासण्यापूर्वी व्याकरणाने शिक्षा सुनावू नये, एवढीच त्यामागील भूमिका आहे.

पुरावा काय आहे? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, याविषयी दुमत नाही. रघुनाथरावांची या कटाला संमती होती आणि निदान पुतण्याला कैद करण्यापुरता त्यांचा लेखी हुकूम गारद्यांकडे होता, ही गोष्टही सामान्यतः मान्य केली जाते. अक्षराची कथा मात्र वेगळ्या प्रकारची आहे. इंग्रजी वाचकांसमोर ती ठळकपणे आली ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासातून. रामशास्त्री प्रभुणे यांनी पुढे तो कागद मिळवला, त्यात ‘धरावे’ याचे ‘मारावे’ झालेले आढळले, असे डफ सांगतो. आणि हा फेरफार आनंदीबाईंनी केला असा सार्वत्रिक समज आहे, असे त्याला जोडतो. या दोन विधानांतील अंतर चिकित्सक वाचकाने नजरेआड करू नये. फेरफार झाला हे तो घटना म्हणून सांगतो. फेरफार कोणी केला हे समज म्हणून सांगतो. तो मूळ कागद आज उपलब्ध नाही. मराठी वाङ्मयाने मात्र दुसऱ्या विधानाला पहिल्याचा दर्जा दिला, आणि पहिल्या विधानाची गरजच संपवून टाकली. आज ‘ध चा मा’ म्हणताच कागद आठवत नाही, हात आठवतो, आणि त्या हातात बांगड्या असतात.

वाक्प्रचाराची रचनाही बारकाईने पाहिली पाहिजे. ‘ध’चा ‘म’ केल्याने ‘मरावे’ होते. ‘मारावे’ होण्यासाठी अक्षर बदलावे लागते आणि वर काना द्यावा लागतो. फेरफार एक नाही, दोन आहेत. आणि म्हण ‘मा’ म्हणते तेव्हा तिने हा काना काळजीपूर्वक जपलेला आहे. घाईघाईत केलेल्या खाडाखोडीचे हे वर्णन नाही. यात लेखनाची जाण आहे, क्रियापदाच्या प्रयोजकतेची जाण आहे, कागदावरील मोकळ्या जागेचा अंदाज आहे. म्हणजे कथेला केवळ दुष्ट स्त्री पुरत नाही. तिला साक्षर स्त्री हवी आहे.

नारायणरावांच्या वधाच्या लोकस्मृतीत दोन उद्गार टिकून आहेत. एक ‘काका, मला वाचवा’ हा, आणि दुसरा आपल्या चर्चेतील. पहिला उच्चारलेला, दुसरा लिहिलेला. मरणाऱ्याकडे आवाज आहे, आणि तो आवाज निष्पापपणाची खूण आहे. मारणाऱ्यांकडे कागद आहे. या दोहोंच्या मधोमध उभ्या असलेल्या रघुनाथरावांना कथेने एक सोय करून दिली आहे : पुतण्याची हाक त्यांच्या कानावर पडते, पण हुकुमातला बदल त्यांच्या नजरेला पडलेला नसतो. ते ऐकतात आणि वाचत नाहीत. वाचणारी आणि लिहिणारी व्यक्ती घरात दुसरीच आहे.

आता या कथेशेजारी विसाव्या शतकातील एक अमेरिकन कथा ठेवून पाहू. २ ऑक्टोबर १९१९ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. पुढे कित्येक महिने त्यांच्यापर्यंत कोण पोहोचेल आणि कोणता कागद पोहोचेल, हे त्यांच्या पत्नी एडिथ विल्सन ठरवत होत्या. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी अध्यक्षांच्या अनुपस्थितीत मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या, म्हणून फेब्रुवारी १९२० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. खोलीतून बाहेर येणाऱ्या कागदांवर एडिथ यांच्या हस्ताक्षरातले शेरे असत. अध्यक्षांची सही खरोखर त्यांनीच केली आहे काय, अशी शंका त्या काळात उघडपणे घेतली गेली. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात एडिथ यांनी या काळाला ‘कारभार सांभाळणे’ अशा अर्थाचा शब्द वापरला आणि आपण सार्वजनिक धोरणाविषयी एकही निर्णय घेतला नाही असे ठासून सांगितले. काय महत्त्वाचे आहे आणि ते पतीपुढे केव्हा ठेवायचे, एवढाच निर्णय आपला होता, असे त्या म्हणतात.

हे ‘एवढेच’ फार मोठे आहे, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. पण आपल्याला त्याहून वेगळ्या गोष्टीत रस आहे. पुणे आणि वॉशिंग्टन या दोन्ही ठिकाणी पत्नीच्या सत्तेची भीती एकाच प्रतिमेत साकळली : पतीच्या हुकुमाचा कागद आणि त्यावरचा पत्नीचा हात. पत्नी कानात काही सांगते, रात्री मन वळवते, हट्ट धरते, हा पारंपरिक आरोप रामायणातील कैकेयीपासूनचा आहे, आणि त्याला कागद लागत नाही. कागद आला म्हणजे राज्य दप्तराने चालू लागले. पेशवाई ही दप्तराची राजवट होती. तिच्या हुकुमाचे सामर्थ्य पेशव्याच्या देहात जितके होते तितकेच रुमालात बांधलेल्या कागदात होते. अशा राज्यात अंतःपुराचा धोका मोहिनीचा राहत नाही, तो मजकुराचा होतो. अमेरिकेतील उदाहरणाने ही गोष्ट पक्की होते, कारण तिथे ना अंतःपुर आहे ना पडदा. तरीही संशयाने नेमकी तीच जागा शोधली.

फरक आहे तो त्यानंतरच्या मजकुरात. एडिथ विल्सन यांच्यावर आरोप झाला तेव्हा त्यांना उत्तर लिहिता आले. ते उत्तर कितपत विश्वासार्ह आहे, हा प्रश्न वेगळा. पण ग्रंथालयात आरोपाच्या शेजारी आरोपीचे पुस्तक आहे. शिवाय संस्थेनेही आपल्या परीने उत्तर दिले : अध्यक्ष असमर्थ ठरल्यास काय करायचे याची तरतूद करणारी पंचविसावी घटनादुरुस्ती १९६७ साली अमलात आली. म्हणजे अमेरिकन समाजाला उशिरा का होईना, प्रश्न पत्नीच्या स्वभावाचा नसून पदाच्या रचनेचा आहे हे उमगले. पेशवाईतील प्रश्नही रचनेचाच होता. वारसाहक्काचा स्पष्ट नियम नाही, अल्पवयीन पेशवा, सत्तेत वाटा मागणारा काका, आणि पगारासाठी अडून बसणारे गारदी, हे सगळे १७७३ सालच्या पुण्यात होते. एका स्त्रीने एक अक्षर बदलले असे म्हटले, की यांतल्या कशाचाही हिशेब द्यावा लागत नाही.

या कथेला वाङ्मयीन रूप देणारी सर्वांत समर्थ कृती म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ हे १९०९ सालचे नाटक. या नाटकातील आनंदीबाईंवर लेडी मॅकबेथची छाया आहे, हे मराठी समीक्षेने पुष्कळदा नोंदवले आहे. शि. म. परांजपे यांनी ‘मॅकबेथ’चे ‘मानाजीराव’ हे रूपांतर त्यापूर्वीच केले होते. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ पुढे १९५४ साली आले. मात्र या रूपांतरांपेक्षा ‘भाऊबंदकी’तच ‘मॅकबेथ’ मराठी मातीत अधिक खोल रुजले, असे मला वाटते. पूर्णांशाने रूपांतर करायचे बंधन नसल्यामुळे खाडिलकरांना शेक्सपिअरकडून पात्रांची आखणी उचलता आली आणि बाकीचे पुण्यातून घेता आले. महत्त्वाकांक्षी पण कचखाऊ पती आणि निश्चयी पत्नी ही ती आखणी.

‘प्रभाव’ या सदराखाली हा विषय सहसा इथेच संपवला जातो. पण ‘मॅकबेथ’ पुन्हा उघडून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. लेडी मॅकबेथ रंगभूमीवर प्रथम येते ती हातात पत्र घेऊन, पतीचे पत्र वाचत. आणि पाचव्या अंकात तिची दासी वैद्याला जे सांगते त्यात हात धुण्यापूर्वीची एक कृती आहे : झोपेत चालताना ती कपाट उघडते, कागद काढते, त्याची घडी घालते, त्यावर काही लिहिते, वाचते, मोहोर लावते आणि पुन्हा अंथरुणावर जाते. तिने काय लिहिले हे शेक्सपिअर सांगत नाही. नाटकभर तो कागद कोणाच्याही हाती लागत नाही. प्रेक्षक हातांवरचा न जाणारा डाग लक्षात ठेवतात आणि हा कागद विसरतात. इंग्रजी नाटककाराने पत्नीच्या लेखनाला झोपेत टाकले आणि त्याचा मजकूर कोरा ठेवला. मराठी परंपरेने मात्र पत्नीच्या लेखनाला पूर्ण जागेपणी आणि एका अक्षराइतक्या नेमकेपणाने पाहिले. प्रभावाच्या अभ्यासात ‘काय घेतले’ याइतकेच ‘कुठे भरले’ हेही महत्त्वाचे असते. शेक्सपिअरने मोकळा सोडलेला कागद मराठीत आधीच लिहिलेला होता.

‘भाऊबंदकी’चा काळ विसरून चालणार नाही. १९०७ साली सुरतेत काँग्रेस फुटली, १९०८ साली टिळक मंडालेला गेले, आणि पुढच्याच वर्षी टिळकांच्या वर्तुळातील या नाटककाराने घरातल्या फुटीवर नाटक लिहिले. (रघुनाथरावांचा इंग्रजांशी तह १७७५ साली झाला तोही सुरतेतच, स्थळांना कधीकधी नाटककारापेक्षा अधिक नाट्य साधते.) राजकीय रूपक म्हणून नाटक प्रभावी आहे, आणि रामशास्त्र्यांचा निःस्पृह निकाल हा त्याचा नैतिक कळस आहे. पण रूपकाची किंमत कोणी मोजली? फुटीचे कारण भाऊबंदकी आहे, असे शीर्षक म्हणते. म्हणजे भावांची, काका-पुतण्यांची, पुरुषांची. नाटकाची ऊर्जा मात्र आनंदीबाईंच्या भूमिकेत आहे. शीर्षक एकाला दोषी धरते आणि रंगमंच दुसरीला. १९४४ साली प्रभातने ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला तेव्हा ललिता पवार यांच्या आनंदीबाईंनी ही विभागणी पडद्यावर कायम केली. न्यायाधीश मध्यभागी आला, आणि न्यायाला समोर एक चेहरा लागतो.

खाडिलकरांच्या प्रेक्षकांविषयी आणखी एक गोष्ट. १९०९च्या प्रेक्षागारात बसलेल्या मध्यमवर्गीय पुरुषाच्या घरी लिहू-वाचू लागलेली पत्नी होती, निदान असण्याची शक्यता होती. पुढच्याच वर्षी, १९१० साली, रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाले. न्यायमूर्तींच्या घरात, पतीच्या आग्रहाने शिकणाऱ्या सुनेला घरातील बायकांनी किती छळले, याचा तो विलक्षण संयत वृत्तांत आहे. सार्वजनिक सत्ता असलेल्या पुरुषाच्या पत्नीने लिहिलेले, दांपत्यजीवनाला केंद्रस्थानी ठेवणारे हे मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या पुस्तकांपैकी एक. रमाबाईंच्या पुस्तकातील वर्तनाची शिस्त वाचताना सतत जाणवते, की लेखिकेला काहीतरी सिद्ध करायचे आहे : पत्नीच्या हाती लेखणी आली तरी पतीच्या शब्दात फेरफार होत नाही. पुस्तकात त्या स्वतःला शक्य तितक्या मागे ठेवतात. न्यायमूर्तींचे बोलणे जपून, जवळजवळ नकललेखकाच्या निष्ठेने उतरवतात. ‘भाऊबंदकी’ आणि ‘आठवणी’ या दोन संहितांचा परस्परांशी थेट संबंध दाखवता येणार नाही. तरीही एका वर्षाच्या अंतराने आलेल्या या दोन लिहित्या पत्नी एकाच चिंतेच्या दोन बाजू आहेत. एक अक्षर बदलते. दुसरी एकही अक्षर बदलत नाही. अमेरिकेतही एडिथ विल्सन यांच्याविषयीचा गवगवा शिगेला होता त्याच वेळी, ऑगस्ट १९२० मध्ये, स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती संमत झाली. पत्नीच्या हस्ताक्षराची भीती नेमकी तेव्हाच वाढते, जेव्हा ते हस्ताक्षर कायदेशीर होऊ लागते.

दुसऱ्या टोकाला थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई आहेत. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवरावांचा क्षयाने मृत्यू झाला आणि रमाबाई सती गेल्या. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकापासून रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’पर्यंत (१९६२) मराठी वाङ्मयाने या मृत्यूवर अपार प्रेम केले. ‘स्वामी’ला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८०च्या दशकात ती दूरदर्शनवरून घराघरांत पोहोचली, आणि आजही मराठीतील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. तिच्या यशाचे रहस्य ऐतिहासिक तपशिलात नाही. सत्ताधाऱ्याला घर असते, त्या घरात थकवा असतो, हळवेपणा असतो, हे तिने प्रथमच इतक्या मृदू भाषेत सांगितले. पेशव्याचे माणूसपण दाखवण्यासाठी तिला रमाबाईंची गरज होती. प्रश्न असा, की या गरजेत रमाबाईंच्या वाट्याला काय आले? त्यांना कादंबरीत प्रेम आहे, रुसवा आहे, प्रतीक्षा आहे. राज्यकारभाराविषयीचे ज्ञान नाही. पेशवाईच्या वाड्यात इतकी वर्षे राहिलेल्या स्त्रीला सत्तेविषयी काहीच कळू नये, ही तिच्या पावित्र्याची अट ठरते. आनंदीबाईंना जे कळते तेच त्यांचे पाप, आणि रमाबाईंना जे कळत नाही तेच त्यांचे पुण्य. आणि अखेरीस चितेचे दृश्य येते. १९८७च्या सप्टेंबरात राजस्थानातील देवराला येथे रूपकंवर सती गेल्यानंतर, वा पाठवली गेल्यानंतर, या दृश्याचे वाचन पूर्वीसारखे राहू शकत नाही. ‘स्वामी’विषयीच्या मराठी समीक्षेचा मोठा भाग मात्र राहू शकतो असे गृहीत धरून चाललेला दिसतो.

इथेही तुलना उपयोगी पडते. नोव्हेंबर १९६३ मध्ये जॉन केनेडी यांची हत्या झाली आणि आठवडाभरातच जॅकलिन केनेडी यांनी पत्रकार थिओडोर व्हाइट यांना बोलावून मुलाखत दिली. आर्थर राजाच्या कॅमेलॉट नगरीचे रूपक केनेडी राजवटीला चिकटले ते त्या मुलाखतीतून. व्हाइट यांच्या मसुद्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केल्या होत्या. पतीच्या मृत्यूनंतर पतीची दंतकथा रचण्याचे काम विधवेने केले, लेखणी हाती घेऊन केले. अमेरिकन वाचकाला त्यात वावगे वाटले नाही, कारण फेरफार पतीच्या बाजूने होता. थेऊरला दंतकथा घडली तीही पत्नीमुळेच; पण तिथे लेखणीच्या जागी देह होता. वृंदावन उरले, मजकूर उरला नाही.

गोपिकाबाईंचे प्रकरण या दोहोंच्या मधले, आणि म्हणूनच वाङ्मयाला गैरसोयीचे. वाईच्या रास्त्यांची ही कन्या नानासाहेबांची पत्नी, विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव या तिघांची आई. एक मुलगा पानिपतावर पडला, दुसरा क्षयाने गेला, तिसऱ्याचा खून झाला. पतीच्या निधनानंतर कारभारात लक्ष घालण्यावरून माधवरावांशी बेबनाव झाला आणि त्या नाशिकजवळच्या गंगापूरला जाऊन राहिल्या. नातू सवाई माधवराव यांना त्यांनी पाठवलेले उपदेशपर पत्र प्रसिद्ध आहे. दिनचर्या, स्नानसंध्या, लेखनवाचन, वडीलधाऱ्यांशी वागणे अशी बारीकसारीक आखणी त्यात आहे. ॲबिगेल ॲडम्स या त्यांच्या समकालीन. पतीला आणि मुलाला लिहिलेली त्यांची पत्रे नातवाने १८४० साली छापली, आणि १७७६ साली पतीला स्त्रियांचा विसर पडू देऊ नका असे बजावणारे त्यांचे पत्र पुढे अमेरिकन स्त्रीवादाच्या इतिहासाचे आरंभस्थान ठरले. गोपिकाबाईंच्या पत्राला अशी परंपरा लाभली नाही. ते मराठीत उद्धृत होते ते आदर्श आजीचे पत्र म्हणून. राजपुत्राच्या शिक्षणाविषयीचे, म्हणजे राज्याविषयीचे पत्र म्हणून त्याचे वाचन व्हायला हवे होते. पेशव्याने सकाळी कोणाला आधी भेटावे, हा विषय आचारधर्माचा दिसतो, पण तो सत्तेचाच आहे. एडिथ विल्सन यांनी आपला म्हणून सांगितलेला एकमेव निर्णयही याच जातीचा होता.

या विवेचनाचा हेतू आनंदीबाईंना निर्दोष ठरवण्याचा आहे, असा समज होऊ नये. अलीकडच्या काळात बदनाम स्त्रियांना सरसकट सोज्ज्वळ करण्याची जी लाट आली आहे, तिच्यात जुन्याच कथेचा साचा उलटा केलेला असतो : पूर्वी सत्ता हवी होती म्हणून ती वाईट, आता ती चांगली म्हणून तिला सत्ता नकोच होती. दोन्हींत सत्तेची इच्छा हेच पाप. आनंदीबाईंना पतीसाठी, आणि पुढे मुलासाठी, पेशवेपद हवे होते यात शंका घेण्याचे कारण नाही. ज्या काळात अहिल्याबाई होळकर स्वतःच्या नावाने तीन दशके राज्य करत होत्या, त्या काळात राज्यकारभार समजणाऱ्या एका स्त्रीने अशी इच्छा धरणे अनैसर्गिकही नव्हते. अहिल्याबाईंना विधवा म्हणून जे उघडपणे करता आले, ते सधवेला आडून करावे लागे. मराठी राज्यव्यवस्थेत विधवेला गादीजवळ जागा होती. पत्नीला फक्त पतीजवळ. कपटाचा आरोप या स्थानातूनच उपजतो, स्वभावातून नव्हे. ‘ध चा मा’ची कथा खरी असो वा खोटी, ती पत्नीविषयीच रचली जाऊ शकत होती.

आनंदीबाईंचा उत्तरकाळ वाङ्मयाने जवळजवळ वगळला आहे. ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगावी रघुनाथराव वारले. त्यानंतरची वर्षे त्यांनी मुलांसह नाना फडणिसांच्या पहाऱ्यात काढली, आणि १७९४ साली त्यांचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला, ते त्यांनी पाहिले नाही. पराभूत, नजरकैदेतील, पत्रे लिहिणाऱ्या या प्रौढ स्त्रीवर ‘स्वामी’च्या तोडीची कादंबरी मराठीत नाही. खुनाच्या रात्रीनंतर मराठी लेखकाला त्यांची गरज उरत नाही. लेडी मॅकबेथला निदान झोपेत चालण्याचा एक प्रवेश मिळाला.

पंजाबच्या वाचकाला या ठिकाणी महाराणी जिंदकौर आठवल्याशिवाय राहणार नाही. रणजितसिंगांची ही विधवा अल्पवयीन दलीपसिंगांच्या नावाने कारभार पाहत होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी तिची खासगी बदनामी पद्धतशीरपणे केली, १८४७ साली मुलापासून तोडून तिला लाहोरबाहेर शेखूपुऱ्याला आणि पुढे चुनारला पाठवले. लाहोर आणि शेखूपुऱ्याहून तिने इंग्रज रेसिडेंटला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. आरोपीने लिहिलेला मजकूर म्हणून ती वाचता येतात, आणि रागाने भरलेली आहेत. १८६३ साली तिचा लंडनमध्ये मृत्यू झाला. दलीपसिंगांना तिचे अंत्यसंस्कार पंजाबात करू दिले नाहीत. १८६४ साली ते नाशिकला गोदावरीकाठी झाले, आणि तिच्या अस्थी १९२४ साली नात बंबा यांनी लाहोरला नेईपर्यंत तिथेच होत्या. याच गोदावरीच्या काठी, नाशिकच्या वर, गोपिकाबाईंचे गंगापूर आहे, आणि शहर व गंगापूर यांच्या मध्ये आनंदीबाईंच्या नावाने ओळखली जाणारी आनंदवल्ली. पत्ता विचारणाऱ्याला आज आनंदवल्ली हे बसथांब्याचे आणि वसाहतीचे नाव म्हणून माहीत असते. नाव कोणाचे, हे सांगणारा क्वचित भेटतो. ‘ध चा मा’ मात्र छापखान्यातल्या मुद्रितशोधकापासून तहसील कचेरीतल्या कारकुनापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे, आणि आता तो बहुतेक वेळा केवळ अक्षराच्या चुकीला म्हटला जातो.